अडगळीतली फटफटी

हौसेला मोल नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याने ती काढली त्याने जुनी फटफटी कधी विकत घेतली नसावी. घेतली असती, तर हौसेला मोल असते, त्यावर मिस्त्रीची मजुरी असते, रंगाचा खर्च असतो, सरकारी फी असते आणि घरातल्या मंडळींच्या बोलण्याचा भुर्दंड निराळाच, हे त्याला केव्हाच कळून चुकले असते. तरीदेखील दसरा-दिवाळीच्या सुमाराला आपल्या ओळखीपाळखीत एखादा तरी गृहस्थ असा निघतोच, की जो कुठल्याशा गोठ्यात धूळ खात पडलेल्या लूनाची नाहीतर छोट्या राजदूतची बातमी काढतो, दोन रविवार तिच्याभोवती घिरट्या घालतो, आणि तिसऱ्या रविवारी ती टेंपोत घालून दारात आणून उभी करतो. शेजारची मुले जमतात. गृहस्थ मोठ्या अभिमानाने सांगू लागतात, की इंजिन कसे मूळचे आहे आणि किक मारली की कसा दाब लागतो. घरची बाई सगळे ऐकून घेते आणि एवढेच विचारते, "कागदपत्रं आहेत का हिची?"

गृहस्थ गप्प होतात. जुन्या गाडीच्या खरेदीत फसलेल्या माणसांपैकी बहुतेक जण या एकाच प्रश्नापाशी फसलेले असतात. माणूस आधी इंजिनाचा आवाज ऐकतो, मग रंगरूप पाहतो, आणि कागद मागतो तो पैसे देऊन झाल्यावर. खरा क्रम याच्या नेमका उलट हवा. आधी कागद, मग सांगाडा आणि शेवटी इंजिन. हा क्रम ज्याने पाळला त्याची हौस सहसा अंगाशी येत नाही. तो का पाळायचा, हेच या लेखात सांगावयाचे आहे.

लहानखुऱ्या गाड्यांचे घराणे

मोठाल्या जुन्या मोटारी पाळणे हा संस्थानिकांचा आणि कारखानदारांचा छंद. लहान फटफटी मात्र नोकरदार माणसाच्या अंगणात मावते, आणि बेताने घेतले तर त्याच्या खिशालाही झेपते. जगात या ठेंगण्या गाड्यांचा, म्हणजे मिनी-बाइकचा, जन्म गमतीदार कारणांनी झाला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी हवाई छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांसाठी 'वेलबाइक' नावाची घडीची फटफटी काढली. ९८ सी.सी.चे तिचे इंजिन. एका नळकांड्यात घालून ती विमानातून खाली टाकीत. अमेरिकेत शर्यतीच्या मैदानावर इकडून तिकडे जायला लोकांनी गवत कापण्याच्या यंत्राची इंजिने लावून छोट्या गाड्या घरीच बनवल्या. जपानात होंडा कंपनीने १९६१ साली तोक्योजवळच्या आपल्या करमणूक-बागेत मुलांसाठी एक इवलीशी गाडी ठेवली. मोठी माणसे तिच्यावर बसली की माकडासारखी दिसत, म्हणून पुढे तिचे नावच 'मंकी' पडले.

आपल्याकडे या घराण्याची थेट वारस एकच म्हणावी लागेल. एस्कॉर्ट्स कंपनीने काढलेली राजदूत जी.टी.एस. १७५. राज कपूर यांचा 'बॉबी' हा चित्रपट १९७३ साली झळकला. त्यात ऋषी कपूर या गाडीवर स्वार झाले, आणि कंपनीने ठेवलेले नाव मागे पडून लोकांच्या तोंडी 'बॉबी' हेच नाव बसले. हिचे १७३ सी.सी.चे दोन धावांचे इंजिन मोठ्या राजदूतचेच. ती मोठी राजदूत म्हणजे मूळच्या पोलंडमधील गाडीची भारतीय बहीण. खेड्यापाड्यातल्या दूधवाल्यांनी तिला दोन्ही बाजूंनी कॅन बांधून वर्षानुवर्षे राबवली. त्याच दणकट इंजिनावर लहान चाके, आखूड अंग आणि तरुणांना भुलवणारे रूप चढवले, की झाली बॉबी.

दुसरी गाडी खरे पाहता मिनी-बाइक नव्हे, मोपेड. पण आकाराने, मायेने आणि आठवणींनी ती आपल्या घरातली. ती म्हणजे लूना. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली इटलीतल्या पियाज्जो कंपनीच्या 'चाव' या मोपेडवरून ही काढली. पन्नास सी.सी.च्या आतले इंजिन आणि दोन पायडल. पेट्रोल संपले तर सायकलसारखी मारत घरी न्या! पुढे १९८० साली टी.व्ही.एस. ५० आली, १९८६ साली बजाजची एम-८० आली. पण कितीएक शिक्षक, कंपाउंडर, विमा एजंट आणि नर्सबाई यांनी आयुष्यातले पहिले 'वाहन' म्हणून हार घातला तो लूनालाच.

म्हणून जुन्याची हौस असणाऱ्यांत दोन पंथ पडतात. बॉबीवाल्याला तारुण्य परत हवे असते, लूनावाल्याला वडील परत हवे असतात. दोघांनाही मिळते ते फक्त यंत्र. पण ते नीट पारखून घेतले तर त्यातही समाधान थोडेथोडके नाही.

वऱ्हाडात शोध कुठे घ्यावा

अमरावती आणि अकोला या दोन शहरांत सुमारे १०० किलोमीटरचे अंतर. याच रस्त्यावर जून २०२२ मध्ये लोणी ते माना या टप्प्यात एका पट्ट्याचा ७५ किलोमीटर डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घालून गिनीज बुकात नोंद झाली. मोठ्या गाड्या आता या रस्त्याने भुर्रकन निघून जातात. जुन्या फटफटीच्या शोधात निघालेल्याने मात्र हमरस्ता सोडून आत वळावे. बडनेरा, मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव, अकोट, बाळापूर अशा गावांतच जुनी लेणी दडलेली असतात. शहरात जागा महाग. तिथे बंद पडलेली गाडी भंगारवाल्याच्या हातगाडीवर लवकर चढते. तालुक्याच्या गावी वाडा मोठा, गोठा रिकामा, आणि "असू दे पडलेली" म्हणणारी म्हातारी माणसे घरात.

वऱ्हाडची हवाही या कामी आपली मैत्रीण आहे. कोकणात समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने जे लोखंड पाच-दहा वर्षांत चाळणी होते, ते इथल्या कोरड्या हवेत बराच काळ टिकाव धरते. पण दोन शत्रू इथेही आहेत. एक उन्हाळा. अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की टायर, नळ्या, सीटचे कापड, तारांवरची आवरणे तडकून पापडासारखी होतात. दुसरी आपली काळी माती. कपाशीला जी जीव लावते ती मडगार्डच्या आतल्या बाजूला एकदा थापली गेली की पावसाळाभर ओल धरून बसते, आणि वरून शाबूत दिसणारा पत्रा आतून खाऊन टाकते. म्हणून गाडी पाहायला जाताना एक पेचकस आणि विजेरी बरोबर असावी. मडगार्डखालची वाळलेली माती थोडी खरवडून पाहावी. मातीबरोबर पत्राही निघून आला, तर काय ते समजावे.

बातमी काढायची ती गावातल्या सर्वांत जुन्या सायकल दुकानात, म्हाताऱ्या मिस्त्रीकडे आणि सुट्या भागांच्या दुकानदाराकडे. सुरुवातीला संशय येतोच. "काहून जी, भंगाराचा धंदा हाय का तुमचा?" असा प्रश्न येईल. खरे ते सांगावे, चहा घ्यावा, घाई करू नये. मग हळूच कळते, "तशी एक हाय आमच्या मामाच्या घरी. पण थे इकतीन का नाई, सांगता येत नाई बा." जुनी गाडी या 'सांगता येत नाई'मधूनच मिळत असते. पोलीस ठाण्यांच्या आवारात पडलेल्या बेवारस गाड्यांचे रीतसर लिलाव होतात, त्यांच्या जाहिरातींवरही नजर ठेवावी.

आता मोबाइलवरही अशा गाड्या विकायला निघतात. चित्र सुंदर असते, भाव नवल वाटावे इतका कमी असतो, आणि विकणारा आपण लष्करात असून बदली झाल्याचे सांगतो. 'थोडे आगाऊ पैसे पाठवा, गाडी पार्सलने येते,' असे तो म्हणाला की तिथेच बोलणे थांबवावे. या बतावणीने देशभरात पुष्कळ लोक बुडाले आहेत. गाडीला हात लावून पाहिल्याखेरीज एक रुपयाही सुटू द्यायचा नाही, हा नियमच करावा.

आधी कागद

गाडी सापडली. आता तिला किक मारायची नाही. ओसरीवर बसायचे आणि नोंदणीचे पुस्तक, म्हणजे आर.सी. बुक, पाहायला मागायचे. त्यात पाच गोष्टी पाहाव्यात.

पहिली, नाव. विकणाराच मालक आहे काय? वऱ्हाडातल्या वाड्यांत पडलेल्या बहुतेक जुन्या गाड्या वारलेल्या वडिलांच्या नाहीतर आजोबांच्या नावावर असतात. अशा वेळी वारसाने ती आधी फॉर्म ३१ भरून स्वतःच्या नावावर करून घ्यावी लागते, आणि मगच आपल्याला विकता येते. साध्या विक्रीला फॉर्म २९ आणि ३० लागतात. सरकारी लिलावात घेतलेल्या गाडीला फॉर्म ३२. मृत माणसाच्या सहीचे कोरे फॉर्म "आधीच घेऊन ठेवलेत जी" म्हणून कोणी पुढे केले, तर नमस्कार करून उठावे.

दुसरी, नंबर. सध्याची एम.एच. अक्षरांची पद्धत १९८९ पासूनची. अमरावतीचा आकडा २७, अकोल्याचा ३०. त्याआधी महाराष्ट्रातल्या गाड्यांना 'एम'ने सुरू होणारी तीन अक्षरे असत. गाडी १९७३ची म्हणून सांगतात आणि पाटीवर एम.एच. २७ आहे, तर मधे काय घडले हे विचारावे. कारण सरळही असू शकेल, पण ते कागदावर दिसले पाहिजे.

तिसरी, चॅसिसवरचा आणि इंजिनावरचा आकडा. कोरलेल्या आकड्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली की ठसा उमटतो. तो पुस्तकातल्या आकड्याशी अक्षर न अक्षर जुळला पाहिजे. आकडा घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा लांबीने बुजवलेला दिसला, तर गाडी कितीही देखणी असो, ती चोरीची असण्याचा धोका आपल्या घरात आणू नये.

चौथी, बोजा. १९८० साली बँकेच्या कर्जावर घेतलेल्या लूनावर ते कर्ज फिटून चाळीस वर्षे झाली तरी पुस्तकात बँकेचे नाव तसेच राहिलेले असते. बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ देऊन ते काढावे लागते. ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असेल, तर हेलपाटे आले. ते हेलपाटे विकणाऱ्याने घालावेत की घेणाऱ्याने, हे भाव ठरण्याआधी ठरावे.

पाचवी, मुदत. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे गाडी तपासून घेऊन पाच-पाच वर्षांनी ती वाढवावी लागते. वर्षानुवर्षे न वाढवलेल्या नोंदणीवर फी, दंड आणि पर्यावरण कर मिळून रक्कम किती होते, याची चौकशी परिवहन कार्यालयात आधी करावी. जुन्या पुस्तकांवरच्या कित्येक नोंदी संगणकावर चढलेल्याच नसतात. तसे असेल तर त्या चढवून घेण्याची खटपटही हिशेबात धरावी.

पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने निराळे नियम केले आहेत. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, मूळ रूप न बदललेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. तिच्या पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्ही.ए.' ही अक्षरे येतात. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षांची, आणि पुढच्या खेपेला ५,००० रुपये. यात दोन मेखा आहेत. एक म्हणजे अशी गाडी रोजच्या वापरात काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची. दुसरी म्हणजे चॅसिस, इंजिन किंवा अंगात मोठे फेरफार केले की तो मान हातचा जातो. तेव्हा भाजी आणायला लूना हवी असेल, तर साधी नोंदणी वाढवणेच बरे. बॉबी १९७३ची असेल आणि मिरवायलाच हवी असेल, तर मूळ भाग सांभाळूनच पुढचे काम करावे.

मग सांगाडा

कागद मनासारखे निघाले, की गाडीभोवती फिरावे. इथेही इंजिनाकडे नव्हे, तर न मिळणाऱ्या वस्तूंकडे पाहावे. मोठी राजदूत वर्षानुवर्षे आणि अमाप बनली. त्यामुळे बॉबीच्या इंजिनाचे भाग शोधले की हाती लागतात. पण तिची टाकी, तिची सीट, मडगार्ड, लहान चाकांच्या रिमा आणि हॅन्डल हे फक्त तिचेच. इंजिन बिघडलेले पण अंगाने पूर्ण असलेली बॉबी घेणे शहाणपणाचे. इंजिन गुणगुणते पण टाकी भलत्याच गाडीची, अशी बॉबी म्हणजे जन्माची वणवण. काही ठिकाणी साधी राजदूत कापून तिला बॉबीचे सोंग देतात, म्हणून चॅसिसच्या नळ्यांवर नवीन वेल्डिंगचे ठिगळ आहे का ते बोट फिरवून पाहावे.

लूनाचेही तसेच. पायडल, त्यांचे दांडे, साखळीवरचे झाकण, मागचे कॅरियर, कंपनीचे मूळ नावपट्टे या किरकोळ वाटणाऱ्या वस्तूच शोधताना नाकी नऊ आणतात. वहीत यादी करून प्रत्येक वस्तूपुढे 'आहे', 'मोडकी', 'नाही' असे लिहावे. ही यादी पुढे भाव करताना कामाला येते, आणि "फार मागता हो" म्हणण्यापेक्षा ती दाखवणे अधिक सभ्यपणाचे.

आणि शेवटी इंजिन

दोन धावांचे इंजिन म्हणजे मोजके भाग. वर-खाली होणाऱ्या झडपा त्यात नाहीत. पिस्टनच सिलिंडरमधल्या खिडक्या उघडतो आणि बंद करतो. म्हणून ते गावच्या मिस्त्रीलाही उलगडता येते. इंजिन थंड असतानाच पाहावे. आपण येण्यापूर्वीच ते चालवून गरम करून ठेवले असेल, तर काहीतरी लपवायचे आहे असे समजावे. किक पायाने नव्हे, हाताने सावकाश दाबावी. मधेच गच्च दाब लागून मग सुटला तर रिंगा बऱ्या आहेत. सर्रकन खाली गेली तर झिजल्या. मुळीच हलली नाही तर इंजिन धरले आहे. धरलेले इंजिन काही मेलेले नसते. प्लग काढून आत थोडे पातळ तेल सोडून एक-दोन दिवस ठेवले, की पुष्कळदा सुटते. धसमुसळेपणा मात्र करू नये. किकचा दांडा मोडतो आणि विकणारा तोंड फिरवतो.

सिलिंडर झिजला असेल तर तो लेथवर बोअर करून पाव-पाव मिलिमीटरने मोठा पिस्टन बसवतात. पूर्वी किती वेळा बोअर झाले आहे, हे पिस्टनच्या माथ्यावरच्या आकड्यावरून कळते. शेवटचा आकडा आला असेल तर नवी स्लीव्ह घालावी लागेल. बेअरिंगचे सोपे, तिच्या कडेवर आकडा कोरलेला असतो आणि त्याच आकड्याची नवी बेअरिंग बाजारात मिळते. म्हणूनच इंजिन शेवटी पाहायचे. त्याचा बहुतेक आजार पैशाने बरा होतो. कागदाचा आजार पैशानेही बरा होत नाही.

भाव आणि माणुसकी

आता भावाची गोष्ट. भंगारवाला वजनावर भाव देतो, हौशी माणूस मनावर देतो. रास्त भाव या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतो. खरेदीला जेवढे पैसे काढाल, निदान तेवढेच उभारणीला लागतील असे धरून चालावे, म्हणजे महिन्याच्या खर्चाला कात्री लागून दिवाळीत घरात कुरबुर होत नाही.

पण विकणाऱ्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. तुम्ही जिला 'मॉडेल' म्हणता तिला तो "माह्या बुढ्याची गाडी" म्हणतो. याच लूनावर बापाने त्याला शाळेत सोडले, आजारी बहिणीला दवाखान्यात नेले. थोरला भाऊ विकायला तयार असतो, धाकटा पुण्याला नोकरीला असतो आणि त्याला काही विचारलेले नसते. आई आत बसून ऐकत असते. अशा घरातून घाईने गाडी उचलू नये. सर्व वारसांची लेखी संमती घ्यावी. कायद्यालाही ती हवी, आणि माणुसकीलाही. पैसे बँकेतून द्यावेत, पावती लिहून घ्यावी.

गाडी नावावर करून घेणे हे विकणाऱ्यावर केलेले उपकार नव्हेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे, की गाडी प्रत्यक्षात विकली असली तरी नोंदीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. म्हणजे तुम्ही आळस केलात आणि उद्या कोणाला धक्का लागला, तर नोटीस जायची ती त्या म्हातारीच्या घरी, जिने तुम्हाला विश्वासाने गाडी दिली. म्हणून विकणाऱ्यांनाही सांगणे आहे, की गाडी दिली तरी नाव बदलल्याचा कागद हाती आल्याखेरीज स्वस्थ बसू नका.

उभी करताना घ्यायची काळजी

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी सगळी गाडी खोलायचा मोह आवरावा. आधी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. खोललेला प्रत्येक भाग, प्रत्येक बोल्ट निरनिराळ्या डब्यात ठेवून वर चिठ्ठी लावावी. श्रीखंडाचे रिकामे डबे या कामी फार उत्तम. मुलांना चिठ्ठ्या लिहायला बसवावे. शाळेच्या पुस्तकात जे शिकवले जाते ते हातात धरून पाहायला मिळते, आणि वडील रविवारी घरात सापडतात हा लाभ वेगळा.

तीन धोके मात्र घरच्या सर्वांनी लक्षात ठेवावेत. पहिला टाकीचा. रिकामी दिसणारी पेट्रोलची टाकी वाफेने भरलेली असते. ती तशीच वेल्डिंगला दिली तर स्फोट होतो. टाकीचे काम जाणत्या कारागिराकडूनच, नीट धुऊन घेतल्यावर करावे. दुसरा ब्रेकचा. जुन्या ब्रेक-पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ तोंडाने फुंकू नये. ओल्या फडक्याने पुसावी आणि फडके फेकून द्यावे. तिसरा धोका यंत्राला आहे. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. ते हवेतली ओल शोषून घेते आणि जुने रबर बिघडवते. नळ्या आणि सील नव्या जातीच्या रबराचे बसवावेत. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवावे. शिवाय पूर्वी पंपावर तेल मिसळलेले पेट्रोल मिळे. आता ते तेल आपणच मोजून घालायचे. एकदा विसरलात की नवा पिस्टन गेलाच म्हणून समजा.

रंगाच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. मूळ रंग जिथे टिकला आहे तिथे तो राहू द्यावा. चॅसिसवरचा आकडा रंगाने किंवा लांबीने बुजणार नाही याची ताकीद रंगाऱ्याला स्वतः उभे राहून द्यावी.

आणि गाडी सुरू झाली की घरातला मोठा मुलगा किल्ली मागणार, हेही ठरलेलेच. कायद्याप्रमाणे सोळा वर्षे पूर्ण झालेल्याला परवाना काढून ५० सी.सी.पर्यंतची गाडी चालवता येते. तेव्हा लूना त्याला चालेल, बॉबी चालणार नाही. परवाना नसलेल्या अल्पवयीन मुलाने गाडी चालवली आणि त्याच्या हातून गुन्हा घडला, तर २०१९ पासून पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिरस्त्राण आणि विमा लहान गाडीलाही तितकेच लागतात. वेग कमी म्हणून डोके काही कठीण होत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये लूना पुन्हा बाजारात आली, ती विजेवर चालणारी. धूर नाही, आवाज नाही, तेल मिसळणे नाही. रोजच्या कामाला ती सोयीचीच. तरीही वऱ्हाडातल्या कितीएक गोठ्यांत अजून जुन्या लूना आणि एखाददुसरी बॉबी उभी आहे, आणि घर पाडून नवे बांधायला निघाले की त्यांचा रस्ता भंगाराच्या वजनकाट्याकडे जातो. त्यांतली एखादी आपल्याला वाचवता आली तर जरूर वाचवावी. इंजिन सुरू व्हायला सहा महिने लागोत की वर्ष लागो, त्याची घाई नाही. गाडीवर नाव मात्र पहिल्या महिन्यातच आपले लागले पाहिजे.